पर्चेसवाल्याची गाडी विकणे आहे

भाव पाडण्यात माझा हात धरणारा माणूस शिरूर तालुक्यात नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. म्हणजे मीच लोकांना तसं सांगायचो, आणि सांगून सांगून मग मलाही पटलं होतं. रांजणगावच्या एका कारखान्यात मी पर्चेसला होतो. नातेवाईक लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढं 'पर्चेस ऑफिसर' छापायचे. पगाराच्या चिठ्ठीवर 'असिस्टंट' असायचं. मशिनं, स्टील, केमिकल असली मोठी खरेदी पुण्याच्या ऑफिसातनं व्हायची. माझ्याकडं हातमोजे, झाडू, फिनेल, खोकी आणि तेल पुसायच्या चिंध्या. पण चिंध्या म्हणून काय झालं? किलोमागं आठ आणे पाडले की त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीची जागा कुणाला सोडत नसे.

माझी पद्धत ठरलेली होती. चिंध्यावाला आला की आधी पाऊण तास बाहेर बाकावर बसवायचा. आत घेतला की आपण कागदात डोकं घालून बसायचं. त्यानं भाव सांगितला की हसायचं, मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. मग म्हणायचं, "हे काय खरं न्हाई. खाली या." तो खाली आला की पुन्हा, "अजून खाली या." तिसऱ्यांदा खुर्चीवरून उठायचं, फाइल काखेत मारायची आणि दाराकडं चालू लागायचं. दाराशी पोचायच्या आत मागनं हाक येतेच, "साहेब, बसा की, साहेब!" नऊ वर्षांत ती हाक एकदाही चुकली नव्हती. कुणाचाही पहिला आकडा घ्यायचा नाही, हा माझा धर्म होता. रिक्षावाला दहा म्हणाला की मी आठ म्हणायचो, तो नाही म्हणाला की चालत जायचो, आणि पाय ठणकत असताना घरी सांगायचो की आज दहा रुपये वाचवले.

ही गोष्ट दोन हजार आठच्या आसपासची. शिरूरला आम्ही दोन खोल्यांत राहायचो. बायको शिवणकाम करायची. दोन खोल्यांच्या मधल्या बोळात तिचं मशीन, आणि सगळ्या घरात तिचं गिऱ्हाईक. टीव्हीवर कुणाचा परकर, दाराच्या कडीला कुणाचा ब्लाउज, मी जेवायला बसलो की ताटाशेजारी टाचण्यांची डबी. हात तिचा चांगला होता. पार न्हावऱ्याहून बायका यायच्या. आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, बाजारपेठेत स्वतःचा गाळा. एसटी स्टँडकडनं आत वळलं की डाव्या हाताला एक गाळा रिकामा झाला होता. गाळेवाल्या काकू म्हणजे शाळेतनं रिटायर झालेल्या बाई. त्या बायकोला म्हणाल्या, "तू काम करणारी पोरगी आहेस, तुलाच देते. पण डिपॉझिट तीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत. त्यापुढं मी थांबायची नाही."

त्या दिवशी बायको घरी आली ती वाऱ्यावर चालत आली. बोर्डावर कुठला रंग, आरसा कुठल्या भिंतीला, पडदा कसा, सगळं तिचं ठरलं होतं. डिपॉझिटचे बरेचसे पैसे तिनं शिवणातनं साठवलेले होते. उरलेल्यांसाठी ती माझ्याकडं बघायला लागली. माझ्याकडं म्हणजे माझ्या पाठीमागं, दारात उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडं.

"अहो, कंपनीची बस तर दारातनं नेतीय तुम्हाला," ती म्हणाली. "गाडी नुसती रविवारी पुसायला ठेवलीय."

खरं होतं ते. अठ्ठ्याण्णव साली कंपनीत पर्मनंट झालो तेव्हा घेतलेली शंभर सीसीची गाडी. दहा वर्षांत मी तिला जितकं पुसलं तितकं चालवलं नव्हतं. तरी मी तासभर फार मोठा त्याग करत असल्यासारखा बसून राहिलो. मग म्हणालो, "बरं. तुझ्यासाठी विकतो. पण कशी विकायची ते माझ्यावर सोड. हे माझं काम आहे."

तिनं सोडलं. तीच तिची चूक. बाकी सगळ्या माझ्या.

गल्लीतला मेकॅनिक तेव्हाच म्हणाला होता की पंधराला गिऱ्हाईक उद्या आणून देतो. मी नाकातल्या नाकात हसलो. मला गाडी इंटरनेटवर विकायची होती. तेव्हा फुकट जाहिराती टाकायच्या वेबसाइट नव्यानं निघाल्या होत्या, आणि कंपनीतल्या एकानं पुण्यात आपला सोफा असा विकल्याचं मी ऐकलं होतं. सगळं जग बघणार म्हणजे सगळं जग बोली लावणार, असा माझा हिशेब. जगाला शिरूरची दहा वर्षांची मोटरसायकल हवीय की नको, हा प्रश्न मला शिवलाही नाही.

फोटो पाहिजेत म्हणून मी क्वालिटी डिपार्टमेंटमधल्या मित्राला त्याच्या डिजिटल कॅमेऱ्यासकट घरी बोलावलं. बिचाऱ्याचं सगळं आयुष्य खराब मालाचे फोटो काढण्यात गेलेलं. त्यानं गाडीचा एक अख्खा फोटो काढला आणि मग टाकीवरचा ओरखडा, सायलेन्सरवरचा गंज, सीटची फाटलेली शिवण, असे जवळनं सात फोटो काढले. प्रत्येक फोटोत ओरखड्याशेजारी स्टीलची पट्टी, म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये कळावी. मला ते फार व्यवस्थित वाटलं. मी आठही फोटो टाकले.

मजकूर मी स्वतः लिहिला, इंग्रजीत, ऑफिसात पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, लिहितात तसा. माल जसा आहे तसा. डिलिव्हरी शिरूर येथे. वाहतूक खर्च खरेदीदाराचा. किंमत बावीस हजार. कोटेशन सात दिवसांत पाठवावे. सायबर कॅफेवाला ते टाइप करता करता थांबला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "साहेब, गाडी विकताय का टेंडर काढताय?" मी त्याला म्हणालो, तू टाइप कर.

पहिले दोन दिवस काहीच नाही. मी दर तासाला मोबाईल खिशातनं काढून रेंज बघायचो. तिसऱ्या दिवशी, बायको मशीनवर बसलेली असताना फोन वाजला. व्यवहाराची बोलणी तिसऱ्यासमोर करायची नाहीत, हाही ऑफिसचा नियम. मी फोन घेऊन अंगणात गेलो.

माणूस दौंडचा होता, रेल्वेत नोकरीला. आवाज शांत. म्हणाला, "जाहिरात बघितली. ड्युटीवर जायला गाडी पाहिजे. फोटो बघितले, सगळे ओरखडे दाखवलेत म्हंजी माणूस सरळ दिसतोय. आपलं कसं, एकच बोलतो. सोळा देतो."

आता मी शपथेवर सांगतो की माझ्या डोक्यात 'सोळा, वा!' असंच आलं होतं. पण तोंड? तोंड नऊ वर्षं एकाच कामाला जुंपलेलं. माझ्या नाकातनं हसू आलं आणि तोंडातनं आलं, "हे काय खरं न्हाई. खाली या."

मग तो जरा जपून म्हणाला, "पंधरा?"

"अजून खाली या."

"चौदा?" तो म्हणाला. आणि मग काळजीनं, "साहेब, गाडी चालू तर हाय ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. अरे गाढवा, तू विकतोयस! दहा सेकंदांत स्वतःच्या गाडीचे दोन हजार मी स्वतःच्या तोंडानं पाडले होते. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही कुठंतरी आत बरं वाटत होतं, की बघा, दोन वाक्यांत दोन हजार.

"नाही नाही, वर या," मी ओरडलो.

"कुठं वर?"

"सोळाच्या वर."

"साहेब," तो म्हणाला, "तुम्हाला बरं न्हाई का? तुमचं आधी काय ते ठरवा, मी पुन्हा फोन करतो." आणि त्यानं फोन ठेवला.

मी घामाघूम होऊन आत आलो. बायकोनं मशीन थांबवलं. "कोण होतं? किती म्हणतोय?"

इथं मला पर्चेसची आणखी एक आतली गोष्ट सांगायला पाहिजे. आम्ही साहेबाला दर महिन्याला 'सेव्हिंग' दाखवायचो. चिंध्या चाळीसनं मिळणार हे आधीच ठाऊक असलं तरी साहेबाला सांगायचं, व्हेंडर पन्नास म्हणतोय, नुसता अडून बसलाय. मग चार दिवसांनी चाळीसचा कागद टेबलावर ठेवायचा आणि घाम पुसायचा. साहेब खूश. सुरुवात जितकी वाईट सांगाल तितके तुम्ही शेवटी मोठे दिसता. बायकोसमोर मी नेमकं तेच केलं. अठरा आणून तिच्या हातावर ठेवीन, आणि तिला वाटावं की नवऱ्यानं दगडातनं पाणी काढलं. शिवाय सोळाचे चौदा कसे झाले ते कुठल्या तोंडानं सांगणार?

"दहा म्हणतोय," मी म्हणालो. "चोर आहेत लेकाचे."

"दहाच?" तिचा चेहरा उतरला.

"मी आहे ना," मी म्हणालो. "बघ तू."

पुढचे दोन आठवडे मी सुखात काढले. हो, सुखातच, खोटं कशाला बोलू. रोज कुणाचा ना कुणाचा फोन. ऑफिसच्या कागदावर मी तक्ता आखला. बोलणाऱ्याचं गाव, आकडा, शेरा. एकजण रोज सकाळी नुसता मेसेज करायचा, 'लास्ट प्राइस?' मी आकडा कळवला की गप्प, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, 'लास्ट प्राइस?' कोरेगाव भीमाच्या एकानं जुना फ्रीज आणि वर पाच हजार देऊ केले. फ्रीज चालू आहे का विचारलं तर म्हणाला, "तुमची गाडी चालू हाय का ते तरी कुठं मी इचारलं?" कारखान्यात बदलीवर काम करणारा एक परप्रांतीय पोरगा बसमध्येच शेजारी येऊन बसला. "आठ में देना है तो बोलो, नहीं तो टाइम खोटी मत करो." मी प्रत्येकाला पर्चेसचा हिसका दाखवला. फोन पाच रिंगांशिवाय उचलायचा नाही. 'मीटिंगमध्ये आहे' म्हणायचं. 'तुमच्यापेक्षा वरचं कोटेशन आलंय' म्हणायचं. माणसाला बाहेर बसवून ठेवलं की तो नरम पडतो, हे मला माहीत होतं. फोनवरच्या माणसाला बाहेर बसवता येत नाही, तो सरळ दुसऱ्या जाहिरातीकडं जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग पुण्याचा एक इंजिनिअर आला, म्हणजे फोनवर आला. न घासता म्हणाला, अठरा. रविवारी येतो. मी रविवारी गाडी रॉकेलनं धुतली, टाकीला मेण लावलं आणि इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात बसलो. दुपार झाली, संध्याकाळ झाली. त्याचा फोन बंद. तरी मी तक्त्यात त्याच्यापुढं अठरा लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या. माझ्या लेखी ते अठरा आलेलेच होते, नुसते हातात पडायचे बाकी.

दौंडवाल्याचा दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. "काय ठरलं, साहेब? माझे सोळा हायतच."

"अठराचं कोटेशन आलंय माझ्याकडं."

"मग द्या की त्याला," तो म्हणाला.

नऊ वर्षांत एकाही व्हेंडरनं मला असं उत्तर दिलं नव्हतं. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

बायको रोज संध्याकाळी एकदाच विचारायची, "काय झालं?" मी म्हणायचो, "मार्केट बघतोय." मध्ये एकदा ती गाळ्यावर जाऊन माप घेऊन आली. कापायच्या टेबलाची लांबी तिनं खडूनं आमच्या फरशीवर आखली आणि मला म्हणाली, यावरनं चालू नका. मी चार दिवस कडेकडेनं चाललो.

अठ्ठावीस तारखेला तिनं मला जेवताना सांगितलं, "अहो, दहा तर दहा. देऊन टाका."

"वेडी का खुळी?" मी हसलो. "दहाला कोण देतं?"

"पण तारीख जवळ आली."

"दोन दिवस आहेत अजून. बाजार आता कुठं वर चाललाय." खरं म्हणजे तिथंच सांगायला पाहिजे होतं, की अगं, दहा नाही, सोळा हातात आहेत. एका वाक्याचं काम होतं. पण मग दहा कुठनं आले होते ते सांगावं लागलं असतं. आणि सोळा म्हणजे पहिला आकडा. पहिला आकडा घ्यायचा? मी?

"तुम्हाला त्यातलं कळतं," ती म्हणाली आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मीच दौंडला फोन लावला. तो म्हणाला, "मी शिरूरपर्यंत येत न्हाई, तुम्ही दौंडला येऊ नका. न्हावऱ्याला फाट्यावर भेटू, दोघांना निम्मंनिम्मं." मला हे मान्य करताना सुद्धा वाटलं की निम्म्याच्या थोडं अलीकडं भेटायला पाहिजे होतं.

भर उन्हात मी गाडी घेऊन गेलो. तो वडापच्या जीपमधनं उतरला. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल, हातात कापडी पिशवी. पिशवीत पैसे आहेत हे मी लांबनंच ओळखलं. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, किक मारली, कान देऊन इंजिन ऐकलं. ओरखड्यांकडं बघितलंही नाही, ते त्याला मिलिमीटरमध्ये पाठ होते. मग रसवंतीत बसून आम्ही दोघांनी रस मागवला.

"सोळा," तो म्हणाला.

"अठरा."

"सोळा."

"बरं, साडेसतरा."

"साहेब, मी काय बाजार करायला आलो न्हाई. गाडी मला आवडली. साडेसोळा घ्या, माझ्या घरच्या मालकीणबाईनी वरचे पाचशे आपले दिलेत, लागले तर असू द्या म्हणून. याच्या वर माझ्यापाशी न्हाईत."

साडेसोळा! पिशवी माझ्यापासून हातभर अंतरावर. तीस तारीख उद्यावर. दुसरा कुठलाही शहाणा माणूस असता तर त्यानं रसाचा ग्लास खाली ठेवून पिशवी घेतली असती आणि दौंडवाल्याच्या पाया पडला असता. मी सतरावर अडलो. पाचशेसाठी! आणि तो हलत नाही हे बघून मी माझा हुकमी पत्ता काढला. उठलो. शर्ट झटकला. "जमायचं न्हाई," म्हणालो, आणि गाडीकडं चालायला लागलो.

हाक आली नाही.

मी सावकाश गाडीवर बसलो. हँडल सरळ केलं. किल्ली लावली. एकदा मुद्दाम हलकी किक मारली, म्हणजे गाडी चालू होऊ नये. मग दुसरी. दुसरीला ती लगेच चालू झाली. दहा वर्षांत कधी नव्हे ती. मी पहिल्या गिअरमध्ये पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं निघालो, डोळे आरशात. आरशात दौंडवाला दिसत होता. त्यानं स्वतःचा रस संपवला होता आणि आता माझा उरलेला ग्लास शांतपणे पीत होता.

अर्धा किलोमीटरवर एका बाभळीखाली मी थांबलो आणि चेन बघायचं नाटक करत बसलो. चेनला काही झालेलं नव्हतं. पंधरा मिनिटं मी ती चेन बघितली. मागनं कुणी आलं नाही, फोन वाजला नाही. परत जायला मला कुणी अडवलं होतं? कुणीच नाही. पण दारापर्यंत जाऊन पुन्हा खुर्चीवर येऊन बसलेला पर्चेसवाला तुम्ही कधी बघितलाय का? मी हात मांडीला पुसले, इस्त्रीच्या पँटवर तेलाचा डाग पाडून घेतला आणि शिरूरला आलो. बायकोला म्हणालो, दौंडवाला फसवा निघाला.

तीस तारखेला सकाळी दहा वाजता मी कंपनीच्या गेटबाहेर जाऊन त्याला फोन लावला. एका रिंगेत त्यानं उचलला.

"घ्या," मी म्हणालो. "साडेसोळाला घ्या. आत्ता आणून देतो दौंडला. सोळाला घ्या."

"साहेब," तो म्हणाला, अगदी प्रेमानं, "कालच संध्याकाळी घेतली की. आमच्या कॉलनीत एकाची बदली झाली, त्यानं पंधराला दिली. तुमची गाडी चांगली हाय, तुम्हाला गिऱ्हाईक मिळंल." म्हणजे बघा, त्याला माझी काळजी वाटत होती.

मग मी वेड्यासारखे फोन केले. लास्ट प्राइसवाला, फ्रीजवाला, पुण्याचा इंजिनिअर. लास्ट प्राइसवाल्यानं माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला आणि फोन कापला. फ्रीजवाल्याचा फ्रीज विकला गेला होता. गल्लीतल्या मेकॅनिककडं निरोप धाडला, तर तो सासरवाडीला गेलेला. मित्राकडं उसने मागावे तर महिनाअखेर, सगळ्यांचे खिसे माझ्यासारखेच. पाच वाजता मी बसमध्ये होतो. बस अजून रांजणगावातनंच बाहेर पडत होती आणि मी घड्याळ बघत होतो.

घरी पोचलो तेव्हा बायको फरशीवर बसून ओल्या फडक्यानं खडूची आखणी पुसत होती. काकूंनी सव्वापाचपर्यंत वाट बघितली म्हणे. मग मोबाईल रिचार्जवाला एक पोरगा रोख घेऊन आला. ती रडली नाही. रडली असती, मला चार शब्द बोलली असती तर मी वाद घातला असता, वादात मी बरा आहे. ती नुसती म्हणाली, "जाऊ द्या. नशिबात नव्हता." मी तेव्हाही मान डोलावली. नशिबावर ढकलायची सोय तिनं करून दिली होती आणि मी ती घेतली.

पुढच्या रविवारी गावाकडनं आबा आले, माझे वडील. आमचं गाव इनामगावच्या बाजूला, घोडच्या काठावर. जमीन कसायला लागायच्या आधी आबांनी सगळी उमर मेंढरांमागं काढली, आणि बाजारात मेंढरं विकली ती किती, त्याला गणती नाही. ते वांगी, मेथी असलं काहीबाही घेऊन आले, दारातली गाडी बघितली आणि म्हणाले, "ही इकायची व्हती न्हवं?"

मग सगळं सांगावं लागलं. मीच सांगितलं, म्हणजे माझ्या पद्धतीनं. इंटरनेट, गिऱ्हाइकं, दौंडवाला कसा ऐन वेळी फिरला, मार्केट कसं पडलेलं. आबा मिशीला हात लावून ऐकत होते. माझं सांगून झालं. ते बायकोकडं वळले.

"पोरी, तुला लागत किती व्हतं?"

मी दचकलो. हा प्रश्न सबंध महिन्यात घरात कुणी विचारला नव्हता. कुणी म्हणजे मी. डिपॉझिट किती, तिच्यापाशी किती, कमी किती, मला ठाऊकच नव्हतं. बावीस, अठरा, साडेसोळा, सगळे आकडे माझे होते.

"आम्ही बाजाराला निघायचो," आबा मला म्हणाले, "तवा आधी तुझ्या आईला इचारायचो, घरात किती लागतंय. ती सांगंल त्यो भाव. तेवढं आलं की मेंढरू सोडलं. मग शेजारच्यानं दोन जास्त का घेईनात, आपुन माघारी बघायचं न्हाई." आणि पुन्हा तिला, "किती व्हतं गं?"

"अकरा," बायको म्हणाली.

अकरा. दौंडवाल्यानं फोनवर जे पहिलं वाक्य उच्चारलं होतं त्यातच तिचा गाळा झाला होता आणि वर पाच हजारांचा आरसा, पडदा, बोर्ड, सगळं.

"पण दहाच्या वर कुणी जाईचना, आबा," ती पुढं सांगत होती. "मग म्हटलं, वरचे हजार मी शिवून काढते. मिळंल ते काम घेतलं, वीस-बावीस ब्लाउज शिवले. अठ्ठावीसला हजार पुरे झाले, म्हणून तर ह्यांना म्हटलं, दहाला द्या." मग तिला वाटलं असावं की आबा मला बोलणार. ती घाईनं म्हणाली, "ह्यांना काय म्हणू नका हं. हे लय भांडले माझ्यासाठी. रोज फोनवर. न्हावऱ्यापातूर गेले उन्हातान्हाचं. माणसंच वाईट भेटली, त्याला हे काय करणार?"

मला लाज वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नाही. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. ती माझी बाजू घेत होती, आणि माझ्याच थापेचा आधार घेऊन घेत होती. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली होती, ती मला तेव्हा दिसली.

आबांनी माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून भाव ओळखलेला माणूस.

"दहाच म्हणत व्हते?" त्यांनी विचारलं.

बायको माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत चक्क कौतुक होतं.

"व्हय," मी म्हणालो. "दहाच."

आबांनी माझ्यावरची नजर काढली. त्यांनी तिच्याकडं चहा मागितला.